एडमुनची डुलकी

आमच्या बेटावर ही गोष्ट कुणी सांगत नाही,
ती आपोआप सांगितली जाते,
कॉफी ओतली की, बारशाला,
दफनानंतर तर हमखास:

एडमुन चर्चमध्ये झोपला.
पाद्री ट्रानोय योनाबरोबर माशाच्या पोटात शिरला होता
नि बाहेर पडायचं नाव घेत नव्हता.
तेवढ्यात एडमुन झोपेत ओरडला,
"ओढा रे! जाळं फाटतंय!"
आणि अख्खं चर्च उठून धक्क्याकडे धावलं.
सात होड्या सुटल्या.
पाद्री आठव्या होडीत.

मी एकतीस वर्षं धक्क्यावर कॉड तोलला.
सवय वाईट. काहीही ऐकलं की
मनात काटा हलतो:
हे वजन आतड्यांसकट, की साफ केल्यावर?
निवृत्त झालो, गुडघे गेले, हिवाळा लांबलचक.
म्हटलं, हीही एकदा काट्यावर घालू.

नॉरविकाचे म्हणाले, आमचीच ती.
माणूस वेगळा, होड्या अकरा.
इटरसुंदच्या दुकानदाराने शपथ घेतली:
त्याचा आजा तिथेच होता, ह्याच बाकावर.
बाक दाखवलाही.
बाकाला अजून रंगाचा वास येत होता.

दीपगृहाची वही उघडली.
एकोणीसशे चौतीस, मार्चमधला तो रविवार:
नैर्ऋत्येचं वादळ. समोरचं काही दिसत नाही.
बंदरातून एकही होडी बाहेर पडलेली नाही.

झालं. पडली गोष्ट.
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.
घरी येऊन बटाटे सोलले, गरजेपेक्षा जास्त.

मग चर्चची नोंदवही.
ट्रानोयचं बारीक, डावीकडे कलणारं अक्षर.
उपस्थिती त्रेसष्ट. दान चार क्रोन.
प्रवचन अपूर्ण.
आणि खाली, दुसऱ्या शाईत:
ए.चे आभार.

आभार? झोपणाऱ्याचे?

गुड्वेग राहते वरच्या पिवळ्या घरात.
ऐकू कमी येतं, बोलणं खणखणीत.
"झोपला? एडमुन? त्याला घरी झोप येत नसे,
चर्चच्या त्या लाकडावर कुठली यायला!
ट्रानोयचं बाळ पुरलं होतं त्या आठवड्यात.
रविवारी उभा राहिला बिचारा,
'आणि समुद्र' इथवर आला,
आणि थांबला.
पुढचा शब्दच नाही.
त्रेसष्ट माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसली.
तेव्हा एडमुनने डोळे मिटले.
नीट मिटले, हो, मान टाकून.
आणि मग ओरडला.

चर्च असं हसलं म्हणतोस!
ट्रानोयही हसला, गाल ओले होईस्तोवर.
कशाने ओले, ते कुणी विचारलं नाही."

"आणि होड्या?"
"कसल्या होड्या. सगळी कॉफी प्यायला गेली."

एडमुन त्यानंतर चाळीस वर्षं जगला.
चाळीस वर्षं पोरं त्याच्या मागून ओरडायची, जाळं फाटतंय!
तो जांभई देऊन दाखवायचा.

सगळं लिहून घेतलं. शेवटी नोंदीसाठी
जन्मतारीख विचारली. वजाबाकी केली.
परत केली.
"गुड्वेग, त्या रविवारी तू जन्मली नव्हतीस.
पाच महिने अवकाश होता."
तिने माझ्याकडे बघितलं
जसं मी पूर्वी ओल्या मिठाने पोतं जड करणाऱ्याकडे बघायचो.
"मग काय झालं?" म्हणाली, आणि पोटावर थाप मारली.
"होतेच की मी तिथे."

तर माझ्याकडे आहे ते एवढं:
एक वादळ, दोन शब्दांचा शेरा
आणि न जन्मलेली साक्षीदार.
काटा अजून हलतोय.

परवा ईदारच्या नातवाच्या मेजवानीत
कॉफी ओतली, आणि निघालीच ती.
सात होड्या, पाद्री आठव्या होडीत.
हशा. मग पोरगा माझ्याकडे वळला:
"तुम्ही शोधलंत म्हणे. खरी आहे का?"

सगळे थांबले. एवढी शांतता
मी वाचली होती, ऐकली नव्हती.

"एक चूक आहे," मी म्हटलं.
"पाद्री आठव्या होडीत नव्हता.
पहिल्या होडीत होता."